शिलेदाराचे घोडे : लेखकाचे नाव, पत्ता आणि कात्रणे

मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे असत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊनच चाकरीस येई. त्याला मान अधिक आणि मोकळीकही अधिक. पण घोडा पडला तर भांडवल त्याचे बुडे. इंग्रजीतला 'फ्रीलान्स' हा शब्द नेमक्या याच कुळातला आहे. वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅनो' या कादंबरीत तो भाडोत्री भालाइतांसाठी वापरला आणि पुढे तो लेखणीवर पोट भरणाऱ्यांना चिकटला. आपण त्याचे भाषांतर 'मुक्त लेखक' असे करतो ते काहीसे फसवे आहे, कारण त्यात मुक्ती तेवढी दिसते, घोड्याचा खर्च दिसत नाही. 'शिलेदार' हा शब्द हाताशी असताना आपण तो का उचलला नाही, कोण जाणे.

मुक्त लेखकाचे घोडे म्हणजे त्याचे नाव आणि त्या नावाखाली छापून आलेला मजकूर. पूर्वी हे सारे एका फुगीर फाइलीत मावत असे. पिवळी पडलेली कात्रणे काखोटीला मारून संपादकाच्या खोलीबाहेर ताटकळायचे, ही रीत. आता तेच काम संकेतस्थळ करते. पत्त्यात नाव, पहिल्या पानावर परिचय, आत निवडक लेख, शेवटी संपर्क. असे स्थळ कसे बांधावे याचे सल्ले मुबलक मिळतात आणि ते बहुतेक बरेही असतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या आधीचा आहे. पत्त्यातले ते नाव लेखकाचे आहे हे कोणी ठरवले? आणि आत मांडलेले लेख तरी त्याचेच आहेत का? दोन्ही प्रश्न न्यायासनासमोर गेले, आणि त्यांची महत्त्वाची उत्तरे २००० आणि २००१ या दोन लागोपाठच्या वर्षांत मिळाली. पहिल्या प्रश्नाची कुळकथा मात्र बरीच जुनी आहे.

१८१६ साली लॉर्ड बायरन इंग्लंड सोडून गेला आणि लंडनमधल्या जॉन्स्टन नावाच्या प्रकाशकाने त्याच्या नावावर काही कवितांची जाहिरात केली. बायरनने त्या लिहिलेल्या नव्हत्या. कवी परदेशी असल्यामुळे त्याच्या बाजूने त्याच्या प्रतिनिधीने प्रतिज्ञापत्र दिले. न्यायालयाने प्रकाशकाला विचारले, या कविता बायरनच्याच आहेत असे तू शपथेवर सांगशील का? त्याने शपथ घेण्याचे नाकारले आणि प्रकाशनाला मनाई झाली. म्हणजे जे मी लिहिलेले नाही ते माझ्या नावावर खपवता येणार नाही, एवढे तेव्हा निश्चित झाले.

जे मी लिहिलेले आहे, पण ज्यावरचा माझा हक्क नोंदवायचा राहिला आहे, त्याचे काय? हा प्रश्न मार्क ट्वेनने १८८३ साली शिकागोत विचारला. बेलफर्ड, क्लार्क आणि कंपनी या प्रकाशन संस्थेने त्याचे प्रताधिकार न घेतलेले जुने लेखन गोळा करून 'मार्क ट्वेन' या नावानिशी ग्रंथरूपात काढले होते. ट्वेनचा युक्तिवाद चतुर होता. सॅम्युएल क्लेमेन्स हे माझे नाव, 'मार्क ट्वेन' ही माझ्या मालावरची मुद्रा. मुद्रा माझी आहे, तेव्हा माझ्या परवानगीवाचून ती कोणी लावू नये. न्यायालयाने ते मानले नाही. टोपणनाव घेतले म्हणून खऱ्या नावाने लिहिणाऱ्यापेक्षा अधिक हक्क मिळत नाही, आणि प्रताधिकाराचे काम मुद्रेवर ढकलता येत नाही, असा निकाल लागला. न लिहिलेले नावावर खपवण्याविरुद्ध दाद मागता येईल, हे बायरनचेच तत्त्व तेवढे पुन्हा सांगितले गेले. ट्वेन हार मानणारा नव्हता. १९०८ साली त्याने 'मार्क ट्वेन कंपनी' स्थापून आपले नाव तिच्या हवाली केले. लेखकाने स्वतःच्या नावाची कंपनी काढावी याची तेव्हा थट्टा सहज करता आली असती. आज आपण परिचयाच्या पानाची जी काळजी करतो तिचा पूर्वज तोच आहे.

त्याच १९०८ साली लंडनमध्ये एक लहानसा खटला चालला. मोठ्या ग्रंथांत तो तळटीपेपुरता येतो, पण मला तो या साऱ्या कथेत सर्वांत जवळचा वाटतो. 'ज्यूइश क्रॉनिकल' या पत्रात लहान मुलांसाठीचे सदर श्रीमती लांडा या बाई 'आन्ट नेओमी', म्हणजे नेओमी मावशी, या नावाने लिहीत. त्यांचे आणि पत्राचे संबंध तुटले. नाव आमच्या सदराचे आहे, तेव्हा यापुढे दुसरे कोणी मावशी होईल, असा पत्राचा पवित्रा. वेगळा करार नसेल तर टोपणनाव लेखिकेचे, ते तिच्या व्यवसायाच्या भांडवलाचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. १९५१ साली 'मेरी डिलेन' या नावाने लिहिणाऱ्या पत्रकार बाईंच्या बाबतीतही असाच कौल मिळाला. दोन्ही ठिकाणी भांडणारी स्त्री होती, हा योगायोग नसावा. मराठीत १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' ज्या विभावरी शिरूरकरांच्या नावाने आले त्या पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे आणि नंतरच्या मालतीबाई बेडेकर. लग्नाने आडनाव बदलते, नोकरीने हुद्दा बदलतो. वाचकाच्या ओळखीचे राहते ते लेखनाच्या शिरोभागी छापलेले नाव.

एवढी शिदोरी घेऊन लेखक आंतरजालावर आला. तिथली व्यवस्था मात्र साहित्याच्या माणसांनी घडवलेली नव्हती. डोमेनची पद्धत १९८३ साली संगणकांना लक्षात राहतील अशी नावे देण्यासाठी निघाली. जो आधी मागेल त्याला नाव द्यायचे, हा तिचा साधा नियम. प्रारंभी त्याला पैसेही पडत नसत. १९९५ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारले जाऊ लागले. सरकारी जमिनीवर खुंट्या ठोकून जागा अडवावी तशी नावे अडवली जाऊ लागली. बड्या कंपन्यांनी वकील लावले. तंटे आवरेनात तेव्हा १९९९ साली एक सामाईक धोरण ठरले आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या संस्थांकडे निवाड्याचे काम आले. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डोमेन माझ्या मुद्रेशी तंतोतंत किंवा फसगत होण्याइतके जुळते. ते घेणाऱ्याचा त्यावर काही न्याय्य संबंध नाही. आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले आणि वापरले. यात लेखक कुठे बसतो? त्याच्याकडे मुद्रा कुठली?

हा प्रश्न जीनेट विंटरसनने धसास लावला. १९८५ च्या 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट' या पहिल्याच कादंबरीने ती नावारूपाला आलेली. केंब्रिज विद्यापीठातल्या एका संशोधकाने शंभराहून अधिक लेखकांची नावे डोमेन म्हणून नोंदवली होती आणि त्यांत तिचेही नाव होते, एक सोडून तीन प्रत्ययांसह. लेखकांना वाहिलेली स्थळे उभारण्याचा आपला विचार होता, असे त्याचे म्हणणे. पण स्थळे उभी राहण्याआधीच नावांच्या किमतीची बोलणी सुरू झाली होती. इतर काही लेखक चरफडले आणि गप्प बसले. काहींना हा विषय त्रास घेण्याजोगा वाटला नसावा, कारण २००० साली संकेतस्थळ हे पुष्कळ साहित्यिकांना साबण विकण्याचे साधन वाटत होते. विंटरसन मात्र भांडली. त्याच वर्षी तिची 'द पॉवरबुक' ही कादंबरी यायची होती आणि तिची नायिका संगणकावरून मागणीप्रमाणे कथा लिहून देणारी होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या चिडीचा अर्थ कळतो.

मे २००० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. मुद्रा नोंदवलेलीच असावी असे धोरणात कुठेही म्हटलेले नाही. इंग्लिश कायद्यात वापराने आणि लौकिकाने कमावलेले नावही संरक्षणास पात्र ठरते, आणि 'जीनेट विंटरसन' हे तसे नाव आहे, असे निवाडा सांगतो. तिन्ही डोमेने तिला परत मिळाली. पुढच्याच काही दिवसांत अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्सलाही तिचे नाव मिळाले. मार्क ट्वेनला १८८३ साली जे नाकारले गेले त्याची निदान सावली तरी विंटरसनच्या पदरात पडली.

पण या विजयाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. संरक्षण मिळाले ते नावाला नव्हे, नावाच्या लौकिकाला. ज्याची पुस्तके खपली आहेत त्याचे नाव मुद्रा ठरते. ज्याला अजून तीनच लेखांचे मानधन मिळाले आहे त्याचे नाव नुसतेच नाव राहते. धोरणात व्यक्तिनावांसाठी वेगळी तरतूद करावी का, याचा विचार जागतिक संघटनेने पुढे केला, आणि २००१ सालच्या अहवालात तशी शिफारस केली नाही. म्हणजे ज्याला संकेतस्थळाची सर्वाधिक गरज, त्या नवख्या शिलेदाराला दाद मागायला जागा नाही. त्याने आपले नाव वेळेवर नोंदवावे, एवढाच उपाय. लौकिकही दर वेळी पुरेसा पडतो असे नाही. त्याच २००० सालच्या जुलैत गायक स्टिंग हरला, कारण 'स्टिंग' हा इंग्रजी भाषेतला सामान्य शब्द आहे आणि तो इतरही कोणी वापरू शकतो. आपले कवी ग्रेस अशा निवाड्यापुढे गेले असते तर काय झाले असते याची कल्पना करून पाहावी. कुसुमाग्रजांना मात्र चिंता नव्हती. तो शब्द जगात दुसऱ्या कोणाला सुचण्याचा संभव कमी.

भारतातही कायदा याच वाटेने गेला. डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केले. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटली यांना त्यांच्या नावाचे डोमेन देवविले, तेव्हा व्यक्तीच्या ख्यातीबरोबरच 'अरुण' आणि 'जेटली' या जोडीच्या वेगळेपणाचाही विचार झाला. जोशी, कुलकर्णी आणि पाटील यांनी यातून काय तो बोध घ्यावा. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये घालण्याची आपली पद्धत अनेकांना जुनाट वाटते, पण डोमेनच्या गर्दीत ती उपयोगी पडते.

आता कात्रणे. नाव मिळाले, स्थळ बांधले, पण त्यात मांडायचे लेख कोणाचे? १९९३ साली अमेरिकेत सहा मुक्त लेखकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स', 'न्यूजडे' आणि 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मालकांवर दावा लावला. अग्रभागी जोनाथन टासिनी होता, लेखकांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष. तक्रार अशी की, लेख आम्ही एकदा छापण्यासाठी दिले होते. ते आता लेक्सिस-नेक्सिससारख्या इलेक्ट्रॉनिक भांडारांत जाऊन विकले जात आहेत आणि आम्हाला त्यातला छदामही मिळत नाही. प्रकाशकांचे उत्तर होते की अंक आमचा आहे, भांडार म्हणजे त्याच अंकाची सुधारित आवृत्ती. १९९७ साली खालच्या न्यायालयात लेखक हरले. तो निकाल देणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली अपिलात पारडे फिरले आणि २५ जून २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी लेखकांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निकालपत्र वाचण्याजोगे आहे. भांडारात शोध घेणाऱ्यासमोर लेख सुटा येतो, त्याच्या शेजारची बातमी आणि खालची जाहिरात गळून पडलेली असते. तेव्हा ती अंकाची आवृत्ती कशी म्हणावी, असा त्यांचा मुद्दा.

लेखक जिंकले, आणि लगेच जे झाले ते पाहून जिंकलेल्यांनाच विचारात पडावे लागले. 'टाइम्स'ने मोबदला देण्याऐवजी मुक्त लेखकांचे लाखभराहून अधिक जुने लेख भांडारातून काढायला घेतले. असे घडेल ही भीती काही इतिहासकारांनी आधीच घातली होती, म्हणून ते या खटल्यात प्रकाशकांच्या बाजूने उभे राहिले होते. दुसरीकडे, १९९५ पासूनच 'टाइम्स' नव्या करारांत इलेक्ट्रॉनिक हक्क लिहून घेऊ लागला होता. निकालानंतर ती सर्वत्र रूढी झाली. हक्क सिद्ध झाला आणि पुढच्याच सहीनिशी हातचा गेला. नुकसानभरपाईची तडजोड २००५ साली एक कोटी ऐंशी लाख डॉलरवर ठरली, पण तीही पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळली. टासिनीचा निकाल फसला असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्या निकालापूर्वी लेखकाला विचारण्याचीही गरज कोणाला वाटत नव्हती. नंतर निदान विचारावे, लिहून घ्यावे लागू लागले. ज्या कागदावर सही मागितली जाते तो वाचता येतो. न मागितलेल्या सहीचे काहीच करता येत नाही.

आपल्याकडचा १९५७ चा कायदा या बाबतीत मुक्त लेखकाला बराच अनुकूल आहे, ही गोष्ट लेखकांनाच ठाऊक नसते. नोकरीत नसलेल्या लेखकाने मासिकाला लेख दिला तर, वेगळे लिहून दिले नसल्यास, पहिला मालक तोच. हक्क लेखी दिला पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. करार केला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल, तर ते त्या करारात येत नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतले किती चांगले लेखन दिवाळी अंकांत आले आणि कार्तिक सरता सरता रद्दीत गेले! त्यांतले पुष्कळ आज लेखकाला स्वतःच्या स्थळावर विनाआडकाठी मांडता येईल. त्यासाठी कोणाच्या दारात जाण्याची जरूर नाही.

अडचण कायद्याची नव्हे, टंकाची होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर ज्या टंकांत बसवला जाई त्यांतला प्रत्येक आपल्याच सांकेतिक भाषेत बोले. एका टंकातला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी समोर येई. वाचकाने आधी टंक उतरवून घ्यावा, मग लेख वाचावा, अशी विनंती स्थळांच्या दारावरच लिहिलेली असे, आणि शोधयंत्राला तर त्या लेखात मराठी आहे हेच कळत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. पण ते नेहमीच्या वापरात उतरले विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा टंक आला त्यानंतर. तिथेही 'ऱ्या'मधला अर्धा र मराठी माणसाला बरेच दिवस छळत राहिला, कारण हिंदीला त्याची गरज नव्हती. अंतरंग असे मराठी झाले तरी पत्ता रोमनच. 'वाघ' व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, यावर घरात एकमत नसताना वाचकाने तो कसा ओळखावा? २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हा देवनागरी प्रत्यय उपलब्ध झाला. वास्तविक ही मोठी घटना होती, पण ती आली तशी गेली. मराठी लेखकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा, कारण देवनागरी पत्त्याचे टपाल स्वीकारायला पुष्कळ यंत्रणा तयार नव्हत्या.

फुकटच्या जागेचा पर्याय होताच. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीजने लोकांना मोफत पाने दिली, त्यांच्या वस्त्या पाडल्या आणि वस्त्यांना नावे दिली. साहित्य-तत्त्वज्ञानवाल्यांना 'अथेन्स'मध्ये घर मिळे. १९९९ साली ती याहूने विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. त्यातले जेवढे वाचले ते काही हौशी संग्राहकांनी शेवटच्या महिन्यांत धावाधाव करून उतरवून घेतले म्हणून. बारगिरी पत्करली की पागा मोडण्याची भीती राहतेच.

विकतचा पत्ता त्या मानाने सुरक्षित, पण तोही विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. एका वेळी फार तर दहा वर्षांची नोंदणी करता येते; भाडे भरायचे राहिले की नाव पुन्हा बाजारात. लेखनाची मुदत वेगळीच आहे. १९४१ साली गेलेल्या रवींद्रनाथांचे हक्क संपत आले तेव्हा भारताने प्रताधिकाराची मुदत मृत्यूनंतर पन्नासवरून साठ वर्षांवर नेली, १९९२ साली. लेखकाच्या वारसांकडे आज साठ वर्षांचा हक्क येतो आणि फार तर दहा वर्षांचा पत्ता. आणि त्या पत्त्याचा परवलीचा शब्द बहुधा लेखकालाच तेवढा ठाऊक असतो.